तिचा हात बसलेला नाही

अकरा वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास, कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्याच्या संशोधन विभागात मी चार शब्द बोललो – "तिचा हात बसलेला नाही." ते खोटं होतं. बोलताना मला ते माहीत होतं. ज्या सहकारी मुलीबद्दल मी हे बोललो, तिची नोकरी त्या महिन्याच्या शेवटी संपली.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या संपादकांनी मला बातमी लिहायला शिकवलं त्यांना नाही. जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्या मुलीलाही नाही. तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत असाल तर शिरूर-दौंडचा वार्ताहर सतीश म्हणून ओळखत असाल. गेली दहा वर्षं मी या दोन तालुक्यांत लोकांना एक प्रश्न विचारत आलो आहे. ग्रामसेवकाला, मुकादमाला, संस्थेच्या अध्यक्षाला – तुम्हाला हे तेव्हा माहीत होतं का? समोरचा माणूस आधी पाणी पितो, मग उत्तर देतो. हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नाही. कोण विचारणार? माहीत असलेला मी एकटाच होतो.

आधी काम सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आमचा कारखाना एका औषधाचा कच्चा माल तयार करायचा. त्यात एक पायरी अशी होती की दोन वेगवेगळ्या रेणूंना एकमेकांशी जोडायचं – एकाच्या कार्बनला दुसऱ्याचा कार्बन. हे दोन पदार्थ नुसते एकत्र उकळत ठेवले तर दिवसभरात काही होत नाही. त्यात पॅलेडियम नावाच्या धातूचा अगदी थोडा अंश टाकला की काही तासांत काम होतं. धातू स्वतः खर्ची पडत नाही, जोडणी घडवून बाजूला होतो. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात, शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. अडचण अशी की पॅलेडियम सोन्यासारखा महाग. शिवाय औषधात त्याचा मागमूस राहून चालत नाही, तो काढायला आणखी तीन पायऱ्या लागतात. म्हणून आमच्या विभागप्रमुखांनी, देशमाने सरांनी, मला काम दिलं – पॅलेडियमच्या जागी साधं तांबं वापरून ही जोडणी करून दाखव.

मी करून दाखवली. निदान तसं दिसलं.

चार महिने खपून मी तांब्याचा एक क्षार निवडला, तापमान ठरवलं, आणि एके दिवशी चाचणीच्या काचपट्टीवर, निळ्या दिव्याखाली, हवा होता तिथे ठिपका उमटला – दोन रेणू जोडले गेल्याची खूण. दुसऱ्या दिवशी परत उमटला. देशमाने सरांनी दिव्यात डोकं घालून तो स्वतः पाहिला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. सरांनी कुणाच्या पाठीवर थाप मारल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. कंपनी त्या वर्षी विभागातल्या एका माणसाला स्वतःच्या पाठिंब्यावर पीएच.डी.ला बसवणार होती. नाव जवळजवळ ठरलं – माझं.

रेहाना तांबोळी त्याच सुमारास आमच्याकडे आली. शिरूरची. रसायनशास्त्रात एम.एस्सी., विद्यापीठात वरच्या पाचांत. वडिलांचं शिरूरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तिथे येतात, जुनी तार काढून नवी भरायची. ती दौंडला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहायची आणि कंपनीच्या बसने यायची. शनिवारी संध्याकाळी न्हावरे मार्गे एसटीने शिरूर. तिला एक वर्षाच्या प्रोबेशनवर घेतलं होतं. वर्ष नीट गेलं तर नोकरी कायम, आणि पुढच्या वर्षी पीएच.डी.साठी तिचंही नाव. तिला तेच हवं होतं. पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं होतं की गाइड कसे मिळतात. ती मला दादा म्हणायची.

तिला काम मिळालं ते माझं – माझीच प्रक्रिया माझ्या वहीवरून पुन्हा करून दाखवायची. कुठलीही नवी रीत प्लान्टमध्ये न्यायच्या आधी दुसऱ्या हाताने करून पाहायची असते.

तिला ती जमेना.

रेहानाची एक सवय होती, आणि इथे मला थोडं थांबून सांगावं लागेल, कारण सगळं त्या सवयीवर फिरतं. ती धुतलेली भांडी परत धुवायची. आमच्याकडे भांडी धुवायला बबनमामा होते, भांडगावचे, वयाने मोठे, त्या विभागात सगळ्यांत जुने. मामांनी धुऊन, वाळवून ठेवलेला चंबू रेहाना घ्यायची, उजेडात धरायची आणि परत नळाखाली न्यायची. मग आम्लराजाने – म्हणजे ज्यात सोनंसुद्धा विरघळतं त्या दोन आम्लांच्या मिश्रणाने. मग पाण्याने. मग भट्टीत. मामा चिडायचे. ती म्हणायची, "मामा, तुमचं धुणं चांगलंच असतं. माझ्या मनाचं समाधान." वडिलांच्या दुकानात ती हे शिकली होती. जुनी तार काढल्यावर मोटारीत वार्निशचा एक कण जरी राहिला, तरी नवी तार जळते – तिने मला एकदा सांगितलं होतं.

मी त्याला नाव ठेवलं – रेहानाबाईंचं सोवळं. सगळा विभाग हसला. नाव चिकटलं. ती चंबू घेऊन नळाकडे निघाली की कुणीतरी म्हणायचं, "सरका रे, सोवळ्यात आहेत." तीही हसायची. हसण्यावाचून तिच्याकडे दुसरं काय होतं? आम्ही सात जण होतो आणि ती एकटी.

आता कांडीबद्दल. चंबूतलं मिश्रण ढवळायला आत एक छोटी कांडी टाकतात, बोटाच्या एका पेराएवढी. आत लोहचुंबक, वरून टेफ्लॉनचं पांढरं आवरण. खाली यंत्रातलं चुंबक फिरलं की आत कांडी फिरते. नवी असते तेव्हा ती खडूसारखी पांढरी असते. वापरून वापरून तिच्यावर ओरखडे पडतात, आणि वर्षानुवर्षं ज्या चंबूत ती फिरली त्यातलं थोडं थोडं त्या ओरखड्यांत बसत जातं. माझ्या ट्रेमध्ये अशा दहा-बारा कांड्या होत्या. करड्या, काही काळ्याच. त्या विभागात मी यायच्या आधीपासून पॅलेडियमची कामं चालायची.

बबनमामांनी मला दोनदा विचारलं होतं, "सायेब, ह्या कांड्या पार काळ्या पडल्यात. टाकू का?" मी म्हणालो होतो, राहू द्या मामा, चालतात.

रेहाना कांडी वापरायची ती प्रत्येक वेळी नवी, पाकिटातली. तीसुद्धा धुऊन.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या तेव्हा आलं नाही – इतपत मी खरं सांगू शकतो. रेहानाने सहा वेळा प्रयोग केला. सहाही वेळा काचपट्टीवर सुरुवातीचे दोन पदार्थ जसेच्या तसे, तिसरा ठिपका नाही. ती माझी वही घेऊन यायची, एकेक आकडा बोट ठेवून विचारायची. "दादा, तुमच्या चंबूत होतंय आन् माझ्या न्हाई. असं कसं वो?" एरवी ती आमच्यासारखंच बोलायची, वैतागली की शिरूरची भाषा बाहेर यायची.

तो जानेवारीचा मंगळवार. देशमाने सर म्हणाले, दोघांनी शेजारी शेजारी लावा. एकाच बाटलीतलं तांबं, एकच द्रावक, एकच तराजू. आम्ही लावलं. मी ट्रेमध्ये हात घालून कांडी उचलली, तिने पाकीट फाडलं. माझ्या चंबूत कांडी टाकताना तिने पाहिलं. "दादा, ह्या कांड्या कितीक जुन्या हायेत?" तिने विचारलं. मी म्हणालो, "आमच्याकडे सोवळं नसतं." शेजारचे दोघे हसले. तिने आपली नवी कांडी नळाखाली धरली.

दुपारी माझ्या पट्टीवर ठिपका होता. तिच्या नव्हता. एकाच टेबलावर, एकाच बाटलीतून, सगळ्यांच्या देखत – बोलायला काय उरलं होतं? हा तिचा सातवा प्रयोग.

बुधवार सुटीचा होता. गुरुवारी सर दिवसभर पुण्याला होते. मला प्लान्टसाठी आणखी थोडा माल करून ठेवायचा होता. माझ्या कांड्यांचा ट्रे मामांनी धुवायला नेलेला, म्हणून मी रेहानाच्या पाकिटातली एक नवी कांडी घेतली. बाकी सगळं नेहमीचं. बारा वाजता पट्टी काढली. ठिपका नाही. दोन वाजता काढली. नाही.

त्या दिव्यापाशी मी किती वेळ उभा होतो ते आठवत नाही. एवढं आठवतं की मला कळलं. हळूहळू नाही – एकदम. मी मोरीवर गेलो, मामांपुढच्या माझ्या ट्रेमधून एक काळी कांडी घेतली आणि दुसरा चंबू लावला. त्यात तांबं घातलंच नाही. दोन पदार्थ, द्रावक, काळी कांडी. बस. असा प्रयोग मी पहिल्याच महिन्यात करायला हवा होता. ज्याच्यामुळे घडतं असं म्हणायचं, ते काढून पाहायचं – पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे शिकवतात. मी केला नव्हता. तांब्यावर माझा इतका विश्वास बसला होता.

साडेपाच वाजता पट्टी काढली. ठिपका होता. ठळक.

म्हणजे माझं तांबं काहीच करत नव्हतं. काम करत होतं ते पॅलेडियम, कांडीच्या ओरखड्यांत दडलेलं, मिठाच्या कणाएवढंही नसेल इतकं. चार महिन्यांचं माझं काम म्हणजे एक काळी पडलेली कांडी. आणि रेहानाचे सातही प्रयोग – बरोबर. त्या विभागात खरं उत्तर मिळवणारी ती एकटी होती, आणि ते मिळत होतं तिच्या त्या सोवळ्यामुळे.

मी दोन्ही चंबू स्वतः धुतले. मामा म्हणाले, "आज तुमी कसं काय?" मी म्हणालो, सहज.

कामाची वही हा आमच्याकडे पाळायचा नियम होता. छापील क्रमांकाची पानं, रोजचं रोज लिहायचं, खाली आपली सही आणि त्याखाली एक ओळ – 'वाचले आणि समजले' – तिथे साक्षीदार म्हणून दुसऱ्या कुणाची. पुढे कधी पेटंटचा वाद झाला तर हे लागतं. साक्षीदाराने वाचून सही करायची असते. प्रत्यक्षात आठवड्याची पानं एकदम पुढे येतात आणि माणूस बोलता बोलता सह्या करत जातो. रेहाना तसं करत नसे. ती वाचायची.

त्या गुरुवारच्या पानावर मी लिहिलं – 'द्रावक शुद्ध करून ठेवला.' सहीला ते रेहानापुढेच गेलं. तिने वाचलं आणि म्हणाली, "आख्खा दिवस द्रावकच गाळला व्हय, दादा?" मी म्हणालो, कंटाळा आला होता. तिने सही केली. माझ्या खोट्या पानावर साक्षीदार म्हणून तिची सही आहे.

शुक्रवारी चार वाजता सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर रेहानाची फाइल होती. सर भले माणूस होते – त्यांनी मला नीट विचारलं, मला पळवाट राहील असं विचारलं. तुझ्या पद्धतीत असं काही आहे का जे वहीत उतरलेलं नाही? भांडी, कांडी, काहीही? कांडी हा शब्द त्यांनीच उच्चारला. मी म्हणालो, नाही सर, सगळं तेच. मग त्यांनी विचारलं, मग पोरीचं काय होतंय?

आणि मी ते चार शब्द बोललो.

का बोललो? हा प्रश्न मी वार्ताहर म्हणून स्वतःला विचारला आहे. उत्तर लांब नाही. बुधवारीच मी घरी सांगून बसलो होतो की नाव नक्की झालं. सर आमच्या वरच्या साहेबांना कळवून बसले होते. हे सगळं परत घ्यावं लागलं असतं, आणि त्या पोरीसमोर घ्यावं लागलं असतं जिला मी सोवळ्याची म्हणत होतो. एवढंच. यापेक्षा मोठं कारण असतं तर मी दिलं असतं.

सरांनी फाइल मिटली. म्हणाले, तू म्हणतोस तर तसं.

रेहानाला महिनाअखेरीस सोडलं. कारण सरांनी तिला माझ्याच शब्दांत सांगितलं. शेवटच्या दिवशी ती नेहमीच्या बसने आली, सकाळपासून आपल्या टेबलावर काहीतरी करत होती. आवरत असेल असं समजून मी तिकडे गेलो नाही. खरं तर मी तिच्याकडे पाहतच नव्हतो. साडेचारला ती वही घेऊन आली. जमा करायच्या आधी उरलेल्या पानांवर सह्या हव्या होत्या, आणि विभागात त्या वेळी मीच होतो. पाच-सहा पानं असतील. मी पेन काढलं.

ती म्हणाली, "दादा, शेवटचं पान नीट वाचून सही करा."

"वाचलं, वाचलं," मी म्हणालो. सह्या करत गेलो. माझं लक्ष पेनाच्या टोकाकडे होतं. तिने वही घेतली, सह्या पाहिल्या आणि मिटली. मग गेली.

गेटवर तिचे वडील दुकानाचा छोटा टेम्पो घेऊन आले होते. दौंडहून तिचं सामान भरून आणलं होतं. मागे तिच्या ट्रंकेशेजारी दोन मोटारी बांधलेल्या, वाटेत कुणाला द्यायच्या असतील. मी बाहेर पडत होतो. त्यांनी मला ओळखलं – ती घरी बोलत असणार. हात हातात घेतला. "तुम्ही शिकवलंत तिला. हात बसायला वेळ लागतो, आमच्या धंद्यात पण तसंच हाय," म्हणाले. त्यांच्या तळहाताला तारेच्या बारीक चिरा होत्या. मी म्हणालो, हो, लागतो वेळ.

हे दुसऱ्यांदा बोललो. आणि या वेळी मला कुणी विचारलेलंही नव्हतं.

त्या सोमवारी मी बबनमामांना सांगितलं, काळ्या कांड्या टाकून द्या. "आता?" मामा म्हणाले. "मी कवाधरनं म्हणतोय." मग ट्रे उचलता उचलता म्हणाले, "पोरगी लई स्वच्छ व्हती बघा. माझ्या धुण्यात बी खोट काढायची. तवा राग यायचा. आता मोरी रिकामी वाटती." मामा दोन वर्षांनी निवृत्त झाले. ते आता नाहीत.

पुढचं थोडक्यात. माझी प्रक्रिया प्लान्टमध्ये गेली. तिथल्या टाकीत पॅलेडियम कधी पडलेलं नव्हतं. तीन बॅच झाल्या, एकीतही माल तयार झाला नाही. अहवालात कारण दिलं गेलं – तांब्याच्या क्षाराची प्रत. ते वाक्य मी लिहिलं. सहा महिन्यांत काम बंद झालं, कुणी गाजावाजा केला नाही, कंपन्यांमध्ये अशी कामं बंद होत असतात. ते बंद झालं तेव्हा रेहानाची फाइल पुन्हा उघडावी असं कुणाच्या मनात आलं नाही. आलं असतं तर ते मला सुचवावं लागलं असतं. पीएच.डी.ची नोंदणी मी केली, वर्षाच्या आत सोडली. प्रयोगशाळेत मला कांडी उचलवेना, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण ते खरं नाही. उचलत होतो. मला वर्तमानपत्रात लिहायला आवडू लागलं होतं, म्हणून सोडली.

डेस्कवर पहिल्या महिन्यात शिकवलं गेलं ते हे – ऐकलेलं दोन ठिकाणांहून तपासायचं, चुकलं तर दुरुस्ती छापायची, आणि ज्याच्याविषयी लिहिलं आहे त्याची बाजू छापण्याआधी घ्यायची. या दहा वर्षांत मी माझ्या बातम्यांच्या दुरुस्त्या छापल्या आहेत. एका सरपंचाचं आडनाव चुकलं होतं. एका गावाचा तालुका चुकला होता. वढू बुद्रुकला दर्शनाला आलेल्या भाविकांच्या गाडीचा रंगसुद्धा मी एकदा दुरुस्त केला आहे.

गेल्या डिसेंबरात शिरूरला शाळांचं विज्ञान प्रदर्शन होतं. मी बातमीसाठी गेलो. परीक्षकांत रेहाना होती. ती आता तिथल्याच एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, एवढं मला ऐकून माहीत होतं. एवढ्या वर्षांत शिरूरला शंभर वेळा गेलो असेन, त्या कॉलेजची एकही बातमी मी स्वतः केली नव्हती. फोनवर घ्यायचो.

एका टेबलापाशी नववीच्या मुलांनी बोअरच्या पाण्याने लोखंड किती गंजतं ते दाखवायला चार बरण्या मांडल्या होत्या. त्यातल्या तीन बरण्यांत वेगवेगळं पाणी आणि खिळा. चौथीत नुसता खिळा. एक मुलगा तिला विचारत होता, "मॅडम, ह्या रिकाम्या बरणीला पण मार्क देणार का?"

"सगळ्यात जास्त तिलाच," ती म्हणाली. "तीच खरं बोलते."

मग तिने मला पाहिलं. अजिबात दचकली नाही. मुलांना म्हणाली, "हे माझे सीनिअर. आम्ही एकाच टेबलावर काम करायचो. ह्यांच्या चंबूत व्हायचं, माझ्या नाही. माझा हात बसला नव्हता."

आणि ती थांबली. हे मी नीट आठवून लिहितोय – ती थांबली. माझ्याकडे पाहत होती. मुलंही पाहत होती. बरण्या होत्या, मुलं होती, वेळ होता. एक वाक्य पुरलं असतं. मला वाटलं की माझं वाक्य इतक्या वर्षांत तिचं स्वतःचं झालंय, तिने ते खरं मानलंय. आणि हे वाटूनही मी काय केलं? मोबाइल काढला आणि म्हणालो, सगळे जवळ या, फोटो घेऊ.

फोटो तिसऱ्या दिवशी छापून आला. खालच्या ओळीत तिचं नाव बरोबर आहे याची मी दोनदा खात्री केली होती.

तर – तुम्हाला हे तेव्हा माहीत होतं का? हो. शुक्रवारी चार वाजता मला सगळं माहीत होतं. रेहाना तांबोळी यांनी सात वेळा प्रयोग केला आणि सातही वेळा त्यांचा निकाल बरोबर होता. चुकीचा होता तो माझा.

इथवर लिहून झाल्यावर, ज्याच्याविषयी लिहिलं त्याची बाजू घ्यायची या नियमाप्रमाणे, मी हा मजकूर रेहानाला पाठवला. नाव छापलं तर चालेल का, एवढंच विचारलं होतं. दोन दिवसांनी तिचा मेसेज आला. नाव छापायला हरकत नाही. एक आकडा चुकला आहे. सोबत एक फोटो होता, तिच्या वहीच्या शेवटच्या पानाचा, नोकरीच्या शेवटच्या दिवशी काढलेला. वरचा मजकूर मी बदललेला नाही. दुरुस्ती इथे देतो.

वर प्रयोगांची संख्या सात दिली आहे. ती आठ आहे. आठवा प्रयोग रेहाना तांबोळी यांनी शेवटच्या दिवशी सकाळी साडेनऊला लावला. कांडी – जुनी, काळी, सतीश यांच्या ट्रेमधली. तांबं – घातलेलं नाही. पट्टी काढल्याची वेळ दुपारी साडेतीन. निकाल – हवा तो पदार्थ तयार झाला. त्याखाली त्यांची सही आहे. त्याखाली 'वाचले आणि समजले' ही ओळ आहे, आणि तिच्यापुढे साक्षीदाराची सही.

सही माझी आहे.